छपरापासून खिडकीपर्यंत

बार्सिलोना ते आमचं गाव, सरळ रेषेत एक हजार साठ किलोमीटर. आमच्याकडचं शेंबडं पोरही हा आकडा झोपेत सांगेल. गंमत अशी की त्या काळी गावातला एकही माणूस बार्सिलोनाला गेलेला नव्हता. जायची ती कबुतरं. टोपल्यांत बसून आगगाडीने जायची आणि पंखांवर परत यायची. माणसं इथेच, लैये नदीच्या काठी, धाग्यासाठी अळशी कुजवत आणि आभाळाकडे माना वर करून बसलेली. शर्यतीच्या रविवारी कोणी मेलं तर त्याला कबुतरं घरी येईपर्यंत थांबावं लागायचं, खांदा द्यायला चार माणसं मिळायची नाहीत.

मी झुल्मा. गावाच्या उत्तर टोकाला माझा कॅफे होता, नवरा गेल्यापासून एकटीने चालवलेला. कबुतरवाल्यांचा क्लब माझ्याच मागच्या खोलीत भरायचा. रस्त्यापलीकडे ओदील कालेवार्टचं घर. त्याच्या छपरावर काय बसलंय ते मला गल्ल्यावरून दिसायचं. त्यामुळे जे सांगतेय ते ऐकीव नाही.

सांगायचं आहे ते त्याच्या बहिणीबद्दल, गोदलीवबद्दल. पण त्या घरात आधी ओदीलच सांगावा लागतो. तो दारात उभा राहिला की मागचं कोणी दिसायचंच नाही.

ओदील खाटीक, पण दुकानवाला नव्हे. घरोघरी जाऊन डुकरं मारणारा. हिवाळ्यात शेतकऱ्याचा निरोप आला की हा सायकलवर निघायचा, कमरेला सुऱ्या, पाठीला घण, आणि सुरीला धार लावायची ती लांब पोलादी सळई पट्ट्यात खोवलेली. घण कपाळावर, सुरी गळ्यात, आणि घरची बाई खाली भांडं धरून रक्त ढवळत उभी, गोठू नये म्हणून. डुकराला ओरडायलाही वेळ मिळायचा नाही, एवढा हात बसलेला. लोक त्याचं कौतुक करायचे, मीही केलंय. पण डुक्कर संपलं की हात थांबायला हवा ना. याचा थांबायचा नाही. माझ्या कॅफेत पत्त्यांच्या डावावरून त्याने पोस्टमनचा अंगठा टेबलाच्या कडेवर ठेवून मोडला होता. कटकन आवाज आला, मी भांडी धूत होते तिथपर्यंत. दुसऱ्या दिवशी पोस्टमनच्या घरी अख्खी डुकराची मांडी पाठवली. पोस्टमनने ती खाल्ली, वर आठवडाभर चव सांगत फिरला. असं आमचं गाव.

कबुतरांच्या बाबतीत तर विचारू नका. उशिरा आलेलं कबुतर ओदीलकडे पुढचा रविवार बघायचं नाही. ते दमून भागून खिडकीतून आत यायचं, हा त्याला हळूच हातात घ्यायचा, घड्याळात बघायचा, आणि दोन बोटांत मान धरून एक हिसका. तेही ढाबळीतच, बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत.

"त्यांनी बघायला पाहिजे," मला म्हणायचा. "बघितलं की डोक्यात राहतं."

"डोक्यात राहतं ते तुझं थोबाड, मेल्या," मी म्हटलं, "उशीर नाही राहत."

तो हसला. संध्याकाळी त्यांच्या घरातून सुपाचा वास यायचा तेव्हा सगळ्या गल्लीला कळायचं, आज किती जण उशिरा आले.

आणि झालंही तसंच. त्याची कबुतरं त्याच्या हाताला उतरेनात. शर्यतीहून यायची, ढाबळीच्या वर आढ्यावर बसायची आणि खाली तो उभा दिसला की तिथेच थांबायची. शर्यतीत हे म्हणजे गळ्याला फास. कारण छपरावर बसलेलं कबुतर घरी आलेलं नसतं, असा आमच्याकडचा कायदा. शर्यतीआधी प्रत्येकाच्या पायात एक रबरी कडं घालतात. कबुतर खिडकीतून आत आलं पाहिजे, पायातलं कडं काढून घड्याळपेटीत टाकलं पाहिजे, दांडा दाबला पाहिजे. तेव्हा आतल्या कागदावर वेळ उमटते. मग अंतराला वेळेने भागतात आणि मिनिटाला किती मीटर उडालं ते काढतात. हजार किलोमीटर वाऱ्यासारखं यावं आणि शेवटच्या चार हातांसाठी अडून बसावं, याहून मोठी चेष्टा नाही.

म्हणून गोदलीव.

तिचं नाव आमच्याकडच्या संतिणीचं. तिला नवऱ्याच्या माणसांनी गळा आवळून मारलं, आणि आता घसा दुखला की बायका तिच्यापुढे मेणबत्ती लावतात. अशी नावं ठेवायची पोरींना, आणि मग त्यांचं बरं व्हावं म्हणायचं. आई गेली तेव्हा गोदलीव विशीची होती. तेव्हापासून अठरा वर्षं भावाचं घर, भावाची चूल, भावाचे रक्ताळलेले एप्रन आणि भावाची कबुतरं, सगळं तिच्याच गळ्यात. अंगाने बारीक, बोलायला कमी. उन्हाळ्यात लांब बाह्या घातलेली दिसली की मी विचारायची, "आज काय गं?" ती म्हणायची, "जिन्यावरून पडले." त्या घराला जिनाच नव्हता, माळ्यावर जायला शिडी होती.

पण तिच्या तोंडात एक शीळ होती. दोन सूर, एक खाली आणि एक वर, मधे किंचित थांबून. तिने अंगणात येऊन ती घातली की आढ्यावरची कबुतरं पंख मिटून दगडासारखी खाली यायची, थेट खिडकीत. माझ्या कॅफेतले प्यायलेले बाप्ये घरी जाताना त्या शिळेची नक्कल करायचे. एकालाही जमली नाही. ओदीलने तर महिनाभर तालीम केली होती. त्याच्या ओठांतून नुसती थुंकी उडायची.

तिचा जीव होता पाद्रीवर. निळ्या-काळ्या रंगाचा नर, मानेभोवती पांढरा पट्टा, म्हणून पाद्री. अंड्यातून निघून चार दिवस झाले होते आणि ससाण्याने त्याच्या आईला अंगणातच धरलं. पिसं माझ्या दारापर्यंत उडत आली. बाप त्याला चारीना. ओदील म्हणाला, "टाक मांजराला." हिने वाटाणे स्वतःच्या तोंडात चावून मऊ केले आणि त्याची चोच ओठांत घेऊन भरवले. दिवसातून पाच-सहा वेळा, तीन आठवडे. मी म्हटलं, "अगं, घाण वाटत नाही तुला?" ती म्हणाली, "झुल्मा, याला माझं तोंड तेवढं माहीत आहे." तो मोठा झाला तरी तिच्या ओठांना चोच लावायला यायचा. आणि उडायला लागला तेव्हा असा उडाला की ओदीलसुद्धा गप्प झाला.

ओदीलचं दुखणं जुनं होतं. त्याच्या बापाचं कबुतर युद्धाआधी बार्सिलोनाच्या शर्यतीत गावात दुसरं आलं होतं. गावाने त्या घराचं नावच 'दुसरे' पाडलं. बाप दुसरा, मुलगा दुसऱ्याचा ओदील. माणसं समोर म्हणायला भ्यायची, पण भिंतीआड म्हणायचीच. पहिलं कोणाचं आलं होतं? ओमेर पाववाल्याच्या बापाचं. ओमेरची बेकरी चर्चजवळ, आणि आता क्लबचा अध्यक्षही तोच.

आणि गोदलीवचं काय होतं तर फिरमिन. फिरमिन माझ्याकडे बिअरची पिंपं घेऊन यायचा, रूसेलारेहून ट्रकने. हाडं मोजून घ्यावीत असा माणूस, पण भरलेलं पीप खांद्यावर घेऊन तळघरात उतरायचा. बायको वारलेली. दोघांचं बोलणं माझ्या स्वयंपाकघरात सुरू झालं, आणि मी दर गुरुवारी काहीतरी विसरल्याचं सोंग करून बाहेर जायची. दीड वर्षाने त्याने नीट टोपी काढून ओदीलला विचारलं. ओदीलने त्याला पिंपासकट रस्त्यावर ढकललं.

"मग माझं घर कोण बघणार? कबुतरं कोण उतरवणार, तू?"

रूसेलारे आमच्याकडून कबुतराला पाव तासाचं. गोदलीवला तिथे जायला अठरा वर्षं लागत होती.

ज्या संध्याकाळी बार्सिलोनाची कबुतरं टोपल्यांत भरायची होती, त्या संध्याकाळी सगळा क्लब माझ्या मागच्या खोलीत. एकेक जण कबुतर पुढे करतोय, पायात कडं चढतंय, पंखावर शिक्का बसतोय, घड्याळपेट्यांना सील लागतंय. पाद्रीला गोदलीवच घेऊन आली होती, दोन्ही हातांत छातीशी धरून. ओदील तोपर्यंत पाच-सहा पेले जिनेव्हर रिचवून बसलेला. फिरमिन नेमका पिंपं उतरवत होता. ओमेर त्याच्याकडे बघत म्हणाला, "काय रे ओदील, पाहुणा येतोय वाटतं घरात?"

सगळे हसले. ओदील उठला. मला वाटलं आता ओमेरचं नाक गेलं. पण तो खुर्चीवर चढला.

"ऐका रे सगळे. पाद्री पहिला आला तर मी स्वतः हिचा हात धरून हिला चर्चात नेतो, या बिअरवाल्याच्या पदरात टाकतो, आणि वर तुम्हाला जेवण घालतो. नाही आला, तर हा माणूस या रस्त्यावर पुन्हा दिसता कामा नये. दिसला तर सोलून ठेवीन."

"साक्षी आहोत," सगळे ओरडले, आणि पेले आपटले. एकाच्या तोंडून निघालं नाही की बाबा, ही बाई आहे, पैज नाही. मीच म्हटलं, तर ओमेर म्हणाला, "झुल्मा, तू बिअर ओत." गोदलीवने पाद्रीला टोपलीत ठेवताना त्याच्या डोक्यावर ओठ टेकले. टोपलीचं दार लागलं तेव्हा तिची बोटं जाळीतच राहिली होती.

शनिवारी रेडिओवर बातमी आली, बार्सिलोनात पहाटे कबुतरं सोडली, आभाळ मोकळं, वारा दक्षिणेचा. एवढ्या लांबची कबुतरं एका दिवसात येत नाहीत, अंधार पडला की वाटेत कुठेतरी बसतात. रविवारी दुपारच्या आत पहिली येणार असा सगळ्यांचा हिशेब. फिरमिन तीन वाजता ट्रक घेऊन येणार होता, निकाल ऐकायला.

रविवारी सकाळी मी पायरी घासत होते. ओदीलची खिडकी उघडी होती आणि त्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"जरा विचार कर. या वर्षी पहिला आला, मग पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी उतरवणार कोण त्याला? तू काही जात नाहीस."

"तू सगळ्यांसमोर बोललास."

"प्यायलो होतो."

आणि मग गोदलीव, जिचा आवाज मी अठरा वर्षांत कधी रस्त्यापर्यंत ऐकला नव्हता, ती म्हणाली, "मग ऐक. पाद्री पहिला येवो नाहीतर शेवटचा येवो, मी आज तीन वाजता जातेय."

पोस्टमनच्या अंगठ्याचा जसा आला होता तसाच आवाज आला, फक्त जास्त ओला.

मी बादली तशीच टाकून पळाले. ती स्वयंपाकघरात फरशीवर होती, भिंतीला पाठ लावून. जबडा डावीकडे सरकला होता, एखादा खण नीट न लागता तिरका राहतो तसा. पुढ्यात दोन दात पडलेले. ओदील हातातली सळई फडक्याने पुसत होता. आधी सळई पुसली, मग म्हणाला, "तिने बोलायला नको होतं."

मी त्याला काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही. चर्चमधल्या फादरपुढे कबुलीजबाबात सांगितलं तेव्हा त्यानेही कान झाकले. मी भांडी पुसायचा पंचा ओला करून तिच्या हनुवटीखालून डोक्यावर बांधला. "चल, माझ्याकडे चल. फिरमिन आला की दवाखान्यात नेऊ," म्हटलं. ती उठली, पण दाराकडे आली नाही. छपराकडे बोट केलं. मग तेच बोट स्वतःच्या मानेवर आडवं फिरवलं. मला कळलं. ती नसताना पाद्री आला आणि आढ्यावर बसून राहिला, तर त्याचं सूप होणार होतं. ती अंगणात जाऊन ढाबळीखालच्या स्टुलावर बसली. मी तिच्या शेजारी उभी राहिले. ओदील आमच्याकडे न बघता आभाळाकडे बघत राहिला. मला तेव्हा सळई हातात घेऊन त्याची टाळू फोडावीशी वाटत होती, खोटं कशाला बोलू.

चर्चची अकराची प्रार्थना सुटली. आणि दक्षिणेकडून, पॉपलरच्या रांगेवरून, एक ठिपका आला. ठिपक्याला पंख फुटले, मानेला पांढरा पट्टा दिसला. एकटा. गावातलं एकही कबुतर अजून आलेलं नव्हतं. छाती रिकामी झालेली, एका पंखातलं पीस मोडलेलं. कुठल्या तरी ससाण्याने वाटेत गाठला असणार. तो छपरावर एक फेरी मारून आढ्यावर बसला आणि खाली बघू लागला.

"घाल," ओदील म्हणाला. "घाल शीळ."

तिने मान हलवली. तेवढ्याने तिला घाम फुटला.

ओदीलने दाण्यांचा डबा वाजवला. पाद्रीने मान तिरकी केली. ओदीलने स्वतः शीळ घालायला बघितलं, फुर्र, फुर्र. पाद्री दोन पावलं मागे सरकला. मग ओदीलने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. तो एवढा मोठा धटिंगण.

"गोदू," तो म्हणाला. लहानपणीचं नाव असावं, मी कधी ऐकलं नव्हतं. "एकदाच. एकदा घाल. मग जा कुठे जायचं तिथे. आईशप्पथ."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. पाद्रीकडे बघत तिने स्वतःच पंचा सोडला. तोंड उघडेना, तेव्हा दोन्ही हातांनी जबडा धरून सरळ करायला गेली. तिच्या घशातून जो आवाज आला तो ऐकून मी तिचा खांदा धरला. तरी तिने ओठ जुळवले आणि फुंकलं. हवा आली, रक्ताचा बुडबुडा आला, आणि त्या सगळ्यातून कुठेतरी एक सूर. खालचा. वरचा आलाच नाही.

पण पाद्रीने ऐकलं. तो आढ्यावरून उतरला, कौलांवरून टकटक चालत खाली पन्हळीपर्यंत आला. खिडकी त्याच्याखाली दोन हातांवर होती. चोच पुढे करून तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आता फक्त दुसरा सूर हवा होता. ती पुन्हा जबडा धरत होती.

तेवढ्यात चर्चच्या बाजूने आरडाओरडा झाला. "ओमेरचं आलं! ओमेरचं आलं!"

ओदील घरात गेला आणि ससे मारायची बंदूक घेऊन बाहेर आला. मी त्याच्या अंगावर धावले, त्याने कोपराने मला कोबीच्या वाफ्यात फेकलं. गोदलीव उठली, दोन्ही हात वर करून, छपराकडे. पाद्रीला वाटलं असेल ती त्याला घ्यायला आली. त्याने पंख उघडले.

छरे त्याला पन्हळीवरच लागले. तो तिच्या पायाशी पडला. ओदीलने पाय धरून कडं ओरबाडलं, पेटीत टाकलं, दांडा दाबला, आणि पेटी काखेत मारून माझ्या कॅफेकडे पळाला. कबुतर तिथेच सोडून.

कॅफेत गर्दी उसळली होती. ओमेरही पेटी घेऊन धापा टाकत आला; मागोमाग मी गोदलीवला धरून पायरीपाशी पोचले, आतलं सगळं दाराच्या काचेतून दिसत होतं, ऐकू येत होतं. सील तोडली, वेळा वाचल्या. ओमेरचं कडं आधी पडलं होतं, थोडक्यात. पण ओदीलचं घर अर्धा किलोमीटर उत्तरेला, म्हणजे बार्सिलोनापासून तेवढं लांब. शाळामास्तरने पाटीवर भागाकार केला, पुन्हा केला, आणि खडू खाली ठेवला.

"मिनिटाला काही सेंटिमीटरचा फरक आहे," तो म्हणाला. "पण ओदील पहिला."

लोकांनी ओदीलला खांद्यावर घेतलं. दुसऱ्याचा ओदील पहिला. तो रडत होता, खरंच रडत होता. ओमेर पांढरा पडला होता, पण नियमाने चालणारा माणूस. म्हणाला, "पहिलं कबुतर समोर आणावं लागतं. पंखावरचा शिक्का बघायचा आहे."

ओदील खांद्यावरून खाली उतरला. "दमलंय ते. उद्या बघा."

तेव्हा दार उघडून गोदलीव आत आली. मी तिला धरून होते, पण चालत ती स्वतःच होती. तिचा पुढचा सगळा भाग रक्ताने माखलेला, जबडा लोंबता, एप्रनची झोळी केलेली. माणसं बाजूला सरली. तिने पाटीजवळच्या टेबलावर झोळी मोकळी केली. पाद्री बाहेर घरंगळला. ओमेरने त्याचा पंख उघडला, शिक्का होता. आणि शिक्क्याभोवती छऱ्यांची भोकं होती.

ओमेर त्या भोकांवरून बोट फिरवत म्हणाला, "गोळी घातलीस? शर्यतीच्या कबुतराला?"

मग काय विचारता. भडकाच उडाला. मास्तर ओरडला, पोस्टमन ओरडला, जी माणसं आत्ता त्याला खांद्यावर नाचवत होती ती त्याच्या अंगावर धावून गेली. हजार किलोमीटर उडून आलेला मुका जीव, म्हणाले. काळीज आहे की दगड, म्हणाले. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ओमेरने टेबलावर मूठ आपटून तिथल्या तिथे निकाल दिला: निकाल रद्द, ओदील कालेवार्टला क्लबमधून जन्मभर बंदी. सगळ्यांचे हात वर गेले.

आणि ती तिथेच उभी होती. टेबलापासून एका पावलावर. फरशीवर तिच्या तोंडातून थेंब पडत होते, मला ऐकू येत होते. वीस-बावीस बाप्यांपैकी एकाने तिच्याकडे बघून ब्र काढला नाही. कबुतराला न्याय मिळाला.

मी तिला सोडून गल्ल्यामागे गेले, दोन लिटरचा चिनीमातीचा भरलेला जग उचलला. तशीच बाहेर आले आणि तो ओदीलच्या कानशिलावर फोडला. तो आडवा झाला. मग हातात उरलेली जगची मूठ मी ओमेरकडे रोखली.

"हिच्यासाठी पण हात वर करा," मी म्हटलं. "करा. मोजू दे मला."

कोणी केला नाही. सगळे पायाकडे बघत होते. नंतर एकेक जण टोपी घालून गेला. ओदीलला दोघांनी उचलून त्याच्या घरी नेऊन टाकलं.

फिरमिन तीनला आला. दारात उभा राहून त्याने तिला बघितलं, टेबलावरचं कबुतर बघितलं, माझ्याकडे बघितलं. ट्रकमधली पिंपं त्याने रस्त्यावरच उतरवून टाकली, सतरंजी अंथरली, आणि तिला उचलून नेलं. दवाखान्यात तार घालून तिचा जबडा बांधला, पण तोपर्यंत सूज एवढी वाढली होती की हाड तिरकंच बसलं. ती तशीच, वाकड्या जबड्याने, फिरमिनबरोबर चर्चात लग्नाला उभी राहिली. हात धरून न्यायला मी होते.

माझा क्लब गेला. ओमेरने सगळे बाप्ये चर्चजवळच्या कॅफेत नेले. मला काही फरक पडला नाही, दारू बायकाही पितात. पोस्टमन तेवढा कधीतरी मागच्या दाराने यायचा.

ओदील पुढे बारा वर्षं जगला. शर्यती बंद, पण कबुतरं सोडली नाहीत त्याने. रोज संध्याकाळी फिरायला सोडायचा. ती गावावरून दोन-तीन फेऱ्या मारायची आणि येऊन आढ्यावर बसायची, एका ओळीत. आणि खाली हा, अंगणात, डबा वाजवत. फुर्र, फुर्र. अंधार पडेपर्यंत. मी खिडकी लावून घ्यायची. त्याने मग एकाचीही मान मोडली नाही, एवढं मात्र मी बघितलं. हातात यायला हवीत ना.

गोदलीवकडे मी वर्षातून दोनदा तरी जायची, रूसेलारेला. तिच्या तिथे कबुतरं नव्हती, कोंबड्या होत्या. ती बोलायची, पण शब्द एका कडेने घसरत यायचे, सवय नसलेल्याला कळायचे नाहीत. भावाचं नाव तिने कधी काढलं नाही. एकदाच, बटाटे सोलताना, हातातली सुरी न थांबवता म्हणाली, "झुल्मा, ती खाली उतरतात का गं?"

"नाही," मी म्हटलं. "एक पण नाही."

ती पुढचा बटाटा घेऊन सोलत राहिली. मग ओठ जुळवून तिने हळूच फुंकलं. नुसती हवा आली.